सरासरीआडचा खेळाडू

विनोद कांबळीची कसोटी सरासरी ५४.२०. सचिन तेंडुलकरची ५३.७८. हे दोन आकडे शेजारी मांडून क्रिकेटमधले ओ की ठो न कळणाऱ्या एखाद्या प्रामाणिक हिशेबनिसाला विचारावे, की बाबा रे, या दोघांत थोर कोण? तो क्षणाचाही विलंब न लावता कांबळीकडे बोट दाखवील. त्याचे गणित चुकलेले नसते. बेरीज बरोबर, भागाकारही बरोबर. तरीही हे उत्तर ऐकून शेंबडे पोरसुद्धा हसेल.

आता हसायचे कारण काय, याचा जरा विचार करू. तेंडुलकरला आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्याच्या दोनशे कसोट्या आणि १५,९२१ धावा आपल्याला तोंडपाठ आहेत. म्हणून तेथे आकडा खोटा बोलू लागला की आपण त्याला लगेच पकडतो. पण ज्यांना आपण पाहिले नाही, ज्यांची ओळख कोष्टकातल्या एका ओळीपुरतीच आहे, त्यांच्या बाबतीत तोच आकडा आपण वेदवाक्य म्हणून स्वीकारतो. क्रिकेटवरच्या आपल्या मराठी लेखनाला एके काळी खेळ रंगवून सांगण्याची हौस होती. बाळ ज. पंडितांनी रेडिओवरून मराठीत सामन्याचे वर्णन ऐकवले, तेव्हा मैदान न पाहिलेल्या माणसालाही फटका दिसत असे. अलीकडच्या लिखाणात वर्णन आटले आणि त्याची जागा कोष्टकाने घेतली. कोष्टकाला माझा विरोध नाही. पण कोष्टकही वाचावे लागते, आणि ते वाचण्याची एक रीत असते. ती रीत आपल्या क्रीडासमीक्षेने अंगी बाणवलेली दिसत नाही, ही माझी तक्रार आहे.

प्रथम सरासरी म्हणजे काय ते घरातल्या सर्वांसाठी सांगून टाकतो. फलंदाजाने जितक्या धावा केल्या त्यांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागायचे. डावांच्या संख्येने नव्हे, बाद होण्याच्या संख्येने. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सारे समजेल. सरासरीत वरची संख्या सगळ्यांना दिसते; खालची संख्या, म्हणजे भाजक, कोणी पाहत नाही. आणि लबाडी होते ती बहुधा त्या भाजकातच.

कांबळीचाच हिशेब उलगडून पाहा. तो एकंदर सतरा कसोट्या खेळला. १,०८४ धावा, वीस वेळा बाद. यातल्या पहिल्या सात कसोट्या १९९३ सालातल्या. त्यांत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७, आणि श्रीलंकेत १२५ व १२०. सात कसोट्यांत ७९३ धावा, सात वेळा बाद : सरासरी ११३.२९. उरलेल्या दहा कसोट्यांत २९१ धावा, तेरा वेळा बाद : सरासरी २२.३८. म्हणजे एक कांबळी शतकापलीकडचा आणि दुसरा कांबळी बाविशीतला. ५४.२० सरासरीचा तिसरा कांबळी या भूतलावर कधी अवतरलाच नाही. तो बेरीज करणाऱ्याच्या कागदावर जन्मला आणि तेथेच राहिला. १९९५ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्याचे कसोटी क्रिकेट संपले. एका तरुण माणसाच्या आयुष्यातला तो उत्कर्ष आणि ती उतरंड यांची सगळी कहाणी त्या ५४.२० च्या पोटात गडप झाली आहे. कादंबरीकाराला असला सारांश कोणी लिहून दिला, तर तो फाडून टाकील.

मग त्याच्यापेक्षा नखभर कमी असलेल्या तेंडुलकरच्या सरासरीत काय आहे? तेथेही मिश्रण आहेच. सोळा वर्षांचा पोर आहे आणि चाळिशीचा प्रौढही आहे. पण मायदेशी ७,२१६ धावा ५२.६७ च्या सरासरीने आणि परदेशी ८,७०५ धावा ५४.७४ च्या सरासरीने, असे त्याचे दोन भाग पाडले, तर दोन्हींचा चेहरा जवळजवळ एकच दिसतो. येथे एकूण सरासरी आपल्या भागांशी इमान राखते. सारांश असा, की ५३.७८ हे एका माणसाचे वर्णन आहे, ५४.२० हे दोन माणसांच्या मधल्या रिकाम्या जागेचे.

आता जरा मागे जाऊ. विजय मर्चंट आणि विजय हजारे. एकाची कसोटी सरासरी ४७.७२, दुसऱ्याची ४७.६५. इतके साम्य, की ज्योतिषानेही पत्रिका जुळल्याचा निर्वाळा द्यावा. या दोघांची स्पर्धा आपल्या आजोबांनी ब्रेबोर्नवर पाहिली. १९४३ च्या पंचरंगी सामन्यात मर्चंटांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० केल्या, आणि हजाऱ्यांनी 'शेष' संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढून त्याला उत्तर दिले. त्या दोघांतला थोरला कोण, हा वाद कित्येक घरांत जेवणे थांबवून चाललेला असेल. कसोटीची सरासरी म्हणते, बरोबरी.

पण ही बरोबरी कशाकशाची? मर्चंट अठरा वर्षांत दहा कसोट्या खेळले आणि त्या साऱ्या इंग्लंडविरुद्ध. महायुद्धाने त्यांची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली आणि प्रकृतीमुळे १९४७ चा ऑस्ट्रेलियाचा दौरा हुकला. अठरा डाव, अठरा वेळा बाद, ८५९ धावा. १९३३-३४ मध्ये मायदेशी १७८, सरासरी तिसाच्या आत. १९३६ च्या दौऱ्यावर २८२, सरासरी ४७. १९४६ च्या दौऱ्यावर २४५, सरासरी ४९. त्यातच ओव्हलवरच्या त्या १२८ धावा, ज्या डेनिस कॉम्प्टनने फुटबॉलपटूच्या पायाने चेंडू यष्टीवर मारून संपवल्या. आणि मग १९५१ साली दिल्लीला, वयाच्या चाळिशीत, एकच कसोटी व एकच डाव : १५४. हा एक डाव वगळला तर मर्चंटांची सरासरी ४१.४७ उरते. एका डावाच्या खेळाने अठरा वर्षांची सरासरी सहा धावांनी वर चढली. त्याच डावात हजारे दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी नाबाद १६४ केल्या.

उलट हजाऱ्यांच्या २,१९२ धावा तीस कसोट्यांत पसरलेल्या आहेत. त्यांत १९४८ साली अॅडलेडला लिंडवॉल आणि मिलरसमोर दोन्ही डावांत काढलेली शतके, ११६ आणि १४५, आहेत. १९५२ साली हेडिंग्लेवर धावफलकावर शून्य धावा आणि चार गडी बाद असे अभद्र दृश्य असताना सावरून धरलेल्या ५६ धावाही आहेत. हे सांगताना मर्चंट लहान ठरवण्याचा माझा हेतू नाही. सबंध प्रथम श्रेणीत मर्चंटांची सरासरी ७१.६४ आहे आणि तिच्यावर फक्त ब्रॅडमन बसलेला आहे. पण या ७१.६४ मध्येही १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावरची ५१.३२ आहे, १९४६ च्या दौऱ्यावरची ७४.५३ आहे, आणि आपल्याकडच्या त्या काळच्या पाटा खेळपट्ट्यांवरचे डोंगरही आहेत. तो काळ कसा होता? मार्च १९४९ मध्ये पुण्याला मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात झालेल्या एकाच रणजी सामन्यात २,३७६ धावा झाल्या आणि अडतीस गडी बाद झाले. दर गड्यामागे बासष्टांहून अधिक धावा! तेथे पन्नास काढणारा फलंदाज त्या सामन्याच्या मानाने उणाच पडला म्हणायचा. आणि हेडिंग्लेवरचे छप्पन्न हे शतकाला लाजवणारे. आकडा तोच, पण जमीन वेगळी.

जमिनीचा हा प्रश्न सर्वांत स्वच्छ दिसतो तो सुनील गावसकर आणि दिलीप वेंगसरकर यांच्या जोडीत. दोघेही मुंबईचे, एकाच काळातले, कित्येक सामन्यांत एकमेकांच्या साथीला उभे राहिलेले. गावसकर ५१.१२, वेंगसरकर ४२.१३. नऊ धावांचा फरक म्हणजे कोष्टकाच्या जगात अख्खा मजला. वाद मिटला असे वाटते. पण घर आणि परदेश असे दोन खण उघडून पाहा :

गावसकर मायदेशी ५,०६७ धावा, सरासरी ५०.१६, परदेशी ५,०५५ धावा, सरासरी ५२.११.

वेंगसरकर मायदेशी ३,७२५ धावा, सरासरी ५५.५९, परदेशी ३,१४३ धावा, सरासरी ३२.७४.

म्हणजे मायदेशाच्या मैदानावर वेंगसरकर गावसकरांच्या पाच धावा पुढे आहेत. तेंडुलकरच्याही पुढे आहेत. हे एकूण सरासरीने आपल्याला कधी सांगितले होते काय? आणि परदेशात गावसकर नऊ नव्हे, तब्बल एकोणीस धावांनी पुढे आहेत. हेही सांगितले नव्हते. पाचांची पिछाडी आणि एकोणिसांची आघाडी यांचे मिश्रण करून तिने नऊ हा एक मवाळ आकडा हाती ठेवला. फराळाच्या ताटातली चकली आणि करंजी एकत्र कुटून 'चव मध्यम' असा शेरा द्यावा, त्यातलाच हा प्रकार.

याहून बारीक गंमत भाजकात आहे. गावसकर मायदेशी १०१ वेळा बाद झाले, परदेशी ९७ वेळा. तराजू जवळजवळ समतोल. वेंगसरकर मायदेशी ६७ वेळा बाद झाले, परदेशी ९६ वेळा. म्हणजे त्यांच्या सरासरीत कठीण भागाचे वजन मुळातच जास्त पडले. आता कल्पना करा, की दोन्ही ठिकाणचा त्यांचा खेळ तसूभरही बदलला नाही, घरी ५५.५९ आणि बाहेर ३२.७४ असाच राहिला. फक्त नियामक मंडळाने दौरे असे आखले, की पाचांतल्या चार वेळा ते मायदेशी बाद झाले. मग त्यांची एकूण सरासरी किती झाली असती? ५१.०२. गावसकरांच्या अगदी खांद्याशी! फलंदाज तोच, हात तेच, डोळा तोच. बदलले ते फक्त सामन्यांचे वेळापत्रक. ज्या आकड्याला वेळापत्रक बदलून नऊ धावा वरखाली होता येते, तो आकडा खेळाडूची प्रतवारी लावायला एकटा कसा पुरेल?

मिश्रणाच्या प्रमाणाचा हा खेळ याहूनही पुढे जातो. इतका पुढे, की प्रथम ऐकणाऱ्याला विश्वास बसत नाही. समजा, आमच्या पालघरच्या बाजूचा एक मुलगा आहे आणि मुंबईचा एक मुलगा आहे. दोघेही हंगामात पंधरा वेळा बाद झाले. पालघरचा मुलगा बहुतेक सामने शाळेच्या मागच्या ओबडधोबड मैदानावर खेळतो, जेथे एक चेंडू घोट्याशी राहतो आणि पुढचा कानाशी येतो. तेथे तो बारा वेळा बाद झाला आणि २४० धावा केल्या : सरासरी २०. चांगल्या, राखलेल्या खेळपट्टीवर त्याला थोडीच संधी मिळाली. तीन वेळा बाद, १८० धावा : सरासरी ६०. मुंबईच्या मुलाचे उलट. चांगल्या खेळपट्टीवर बारा वेळा बाद, ६०० धावा : सरासरी ५०. ओबडधोबड मैदानावर तीन वेळा बाद, ४५ धावा : सरासरी १५.

आता पाहा. वाईट मैदानावर पालघरचा मुलगा सरस, वीसाला पंधरा. चांगल्या मैदानावरही पालघरचाच मुलगा सरस, साठाला पन्नास. दोन्हीकडे तो पुढे आहे. पण एकूण बेरीज करा : पालघरच्या मुलाच्या ४२० धावा, सरासरी २८, मुंबईच्या मुलाच्या ६४५ धावा, सरासरी ४३. निवडसमितीच्या टेबलावर कागद येतो तो हाच, शेवटच्या ओळीचा. समिती कोणाला निवडील, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि समितीतले सभासद घरी जाऊन शांतपणे झोपतील, कारण त्यांनी पक्षपात केलेला नाही. आकड्यांवरच तर निवड केली!

हा नुसता मनाने रचलेला हिशेब आहे, प्रत्यक्षात असे कोठे घडते, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या खेळात ते घडलेले आहे. तेथे फलंदाजीची सरासरी म्हणजे यशस्वी फटक्यांना संधींच्या संख्येने भागायचे. १९९५ साली डेव्हिड जस्टिसने ४११ संधींत १०४ फटके मारले, सरासरी .२५३, डेरेक जेटरने ४८ संधींत १२, सरासरी.२५०. जस्टिस पुढे. १९९६ साली जस्टिस १४० संधींत ४५, .३२१, जेटर ५८२ संधींत १८३,.३१४. पुन्हा जस्टिस पुढे. दोन्ही वर्षे मिळून? जस्टिस .२७०, जेटर .३१०. दोन्ही वर्षी मागे असलेला गडी दोन वर्षांच्या बेरजेत चांगलाच पुढे! कारण जेटरच्या बहुतेक संधी दुसऱ्या, भरघोस वर्षातल्या होत्या आणि जस्टिसच्या बहुतेक पहिल्या, दुष्काळी वर्षातल्या. संख्याशास्त्रज्ञ याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ साली यावर लिहिले. त्यांच्या कितीतरी आधी, १९०३ साली, उडनी यूल यांनी हीच गोष्ट दाखवली होती. म्हणजे ही विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्या क्रीडापानापर्यंत ती अजून चालतच येत आहे.

येथवर वाचून एखाद्या उत्साही वाचकाला वाटेल, की चला, युक्ती सापडली : एकूण सरासरी दिसली की तिचे तुकडे पाडायचे. तर नाही! तुकडे पाडण्यातही तितकीच लबाडी करता येते, आणि ती अधिक धोक्याची, कारण ती अभ्यासाचा आव आणते. लॉर्ड्सचेच पाहा. वेंगसरकर तेथे आठ डाव खेळले : ० आणि १०३, २ आणि १५७, नाबाद १२६ आणि ३३, ५२ आणि ३५. एकूण ५०८ धावा, सरासरी ७२.५७. तीन शतके. गावसकर आणि तेंडुलकर या दोघांना मिळून लॉर्ड्सवर कसोटी शतक एकही काढता आले नाही. मग लॉर्ड्सचा तुकडा कापून घेऊन 'वेंगसरकर या दोघांहून थोर' असे शीर्षक द्यायचे काय? आवडत्या खेळाडूसाठी आवडते मैदान, आवडता महिना, आवडता गोलंदाज असे कापीत गेले, तर प्रत्येक गल्लीत एक ब्रॅडमन निघेल.

मग कापायचे कोठे आणि जोडायचे कोठे? माझ्या अल्पमतीप्रमाणे कसोटी अशी. ज्या गोष्टीमुळे धावा काढणे सोपे वा कठीण होते, आणि जी गोष्ट खेळाडूच्या वाट्याला किती यावी हे त्याच्या हाती नसते, तेथे कापावे. खेळपट्टी, परदेश, प्रतिस्पर्धी ही अशी कारणे आहेत. ती सर्वांना सारखी लागू पडतात आणि ती आकडे पाहण्यापूर्वीच ठरवता येतात. आधी उत्तर पाहून मग शोधलेले कारण हे कारण नव्हे, ती वकिली. आणि कापलेला तुकडा केवढा आहे हेही सांगावे. शंभर वेळा बाद होऊन मिळवलेली बावन्नची सरासरी आणि सात वेळा बाद होऊन मिळवलेली बहात्तरची, यांचे वजन एक नव्हे. वेंगसरकरांचे लॉर्ड्सवरचे आठ डाव हा अभिमानाचा ठेवा आहे, पण तो पुरावा म्हणून पुढे करताना आवाज थोडा खाली ठेवावा.

या कसोटीवर आमच्या भागातल्या एका खेळाडूला घासून पाहतो. शार्दूल ठाकूर पालघरजवळच्या माहीमचा. त्याच्या लहानपणी विरारच्या पुढे उपनगरी लोकल नव्हती. ती डहाणूपर्यंत आली २०१३ साली. बोईसर-पालघरच्या पोराला मुंबईच्या मैदानावर सकाळी हजर व्हायचे तर पहाटेच्या अंधारात किट पाठीवर टाकून गाडी गाठावी लागे, आणि दिवसभर उन्हात खेळून पुन्हा तितकेच उभ्याने परतावे लागे. लोकांनी त्याला पुढे 'पालघर एक्स्प्रेस' म्हटले ते उगीच नव्हे. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याअखेर त्याचे कसोटीतले नाणे असे : तेरा सामने, तेहतीस बळी, गोलंदाजीची सरासरी तिशीच्या थोडी पुढे, फलंदाजीची विसाच्या आत. कोष्टकवाला म्हणेल, ठीक, कामचलाऊ.

आता खण उघडा. या तेरांपैकी मायदेशी किती? एक. २०१८ साली हैदराबादला, वेस्ट इंडीजविरुद्ध. आणि त्यातही दहाच चेंडू टाकून तो जायबंदी होऊन बाहेर गेला. बाकीच्या बाराही कसोट्या परदेशात. तेहतीसच्या तेहतीस बळी परदेशात. ज्याच्या सरासरीत घरच्या मैदानाचा एकही बळी नाही, त्याची सरासरी घरी आणि बाहेर मिळून गोळा केलेल्या दुसऱ्यांच्या सरासरीशेजारी मांडणे म्हणजे नुसत्या भाताच्या वजनाची वरणभाताच्या वजनाशी तुलना करण्यासारखे आहे. एखाद्या वेगवान गोलंदाजाला परदेशातल्या खेळपट्ट्या अधिक मानवतात, असाही आक्षेप येईल, आणि तो खरा असू शकेल. मग तुलना परदेशातल्या आकड्यांची परदेशातल्या आकड्यांशी करा. उत्तर शार्दूलच्या बाजूचे येवो वा विरुद्ध, ते निदान एका प्रश्नाचे उत्तर असेल.

तेहतीस बळींतही समान वाटणी नाही. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला, जेथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरली नव्हती, त्या सामन्यात त्याने सात बळी घेतले, आणि वॉशिंग्टन सुंदरच्या साथीने डाव सावरीत ६७ धावा काढल्या. वर्षभराने जोहान्सबर्गला पहिल्या डावात ६१ धावांत सात आणि दुसऱ्यात आणखी एक. दोन सामन्यांत पंधरा. उरलेल्या अकरांत अठरा. येथे मात्र मी स्वतःचाच नियम स्वतःला लावतो. हे दोन सामने कापून काढून 'पाहा, केवढा गोलंदाज!' म्हणणे ही वकिली होईल. तसेच त्याच्या ओव्हलवरच्या तीन अर्धशतकांवरून त्याला फलंदाज ठरवणे हीही. पण हे दोन सामने सरासरीत विरघळवून टाकून 'कामचलाऊ' म्हणणे ही तितकीच चूक आहे. संघाला त्याच्याकडून काय हवे होते? दिवसामागून दिवस सारखे पाणी घालणारा रहाट, की अडल्या वेळी एकदम धावून येणारा माणूस? उत्तर त्या प्रश्नावर अवलंबून आहे. आणि सरासरीला प्रश्न विचारता येत नाही.

दिवाळीच्या अंकात क्रिकेटचा एवढा काथ्याकूट कशासाठी, असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील. तर थोडा वेळ मैदान सोडून नकाशाकडे या. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत पालघर नावाचा जिल्हा नव्हता. आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. २०११ च्या शिरगणतीत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांवर होती, देशातल्या कोणत्याही जिल्ह्याहून जास्त. त्यात ठाणे, कल्याण, नवी मुंबई ही शहरे होती, तारापूरची अणुवीज होती, बोईसरचे कारखाने होते. आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगरही होते. शहरांच्या कोटभर माणसांत डोंगरातली थोडी माणसे मिसळली, की दर माणशी काढलेला कोणताही आकडा शहरासारखाच दिसणार. जिल्ह्याची सरासरी सुखवस्तू होती, आणि त्याच जिल्ह्यात १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला मुले कुपोषणाने मरत होती. सरासरी तेव्हाही खोटी नव्हती. फक्त तिच्या भाजकात ती मुले इतकी थोडी होती, की दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या घरातही त्यांचा आवाज पोचला नाही.

जिल्हा वेगळा झाला आणि एक खण उघडला, हे बरे झाले. पण आमच्या आठ तालुक्यांतही वसई एका टोकाला आहे आणि मोखाडा दुसऱ्या. २०११ च्या हिशेबाने जिल्ह्याच्या तीस लाखांच्या आसपासच्या वस्तीत एकटे वसई-विरार शहर बारा लाखांवर होते. तेव्हा 'पालघर जिल्ह्याची सरासरी' असा मथळा दिसला, की वाचकाने क्षणभर थांबून विचारावे : यात वसई किती आणि मोखाडा किती?

आम्ही शाळामास्तर मंडळीही या दोषातून सुटलेलो नाही. शाळेचा निकाल इतके टक्के, अशी पाटी आम्ही अभिमानाने लावतो. एका शाळेत पाढे घरीच पाठ झालेली मुले येतात, दुसऱ्या शाळेत घरी अक्षर न शिरलेली. दोघींच्या निकालाची एकच रांग लावली, की पहिल्या शाळेचा मास्तर हुशार ठरतो आणि दुसऱ्या शाळेचा आळशी. दोन्ही प्रकारच्या मुलांना दुसराच मास्तर अधिक चांगले शिकवीत असला, तरीही! वर सांगितलेल्या दोन मुलांचा हिशेब पुन्हा काढा आणि धावांच्या जागी गुण घाला. एक अक्षर बदलावे लागणार नाही.

टीकाकाराचे काम काय, असे विचारले तर पुस्तकाच्या बाबतीत आपण चटकन म्हणतो, की ग्रंथ उघडून वाचणे. नुसत्या मलपृष्ठावरच्या मजकुरावर मत न देणे. सरासरी हे खेळाडूचे मलपृष्ठ आहे. तेही हवेच, त्याच्यावाचून कपाटातले पुस्तक ओळखायचे कसे? पण त्यावर थांबणाऱ्याने स्वतःला समीक्षक म्हणवू नये. कशाची बेरीज, कितीची बेरीज, कोणत्या प्रमाणात बेरीज, एवढे तीन प्रश्न विचारायला गणिताची पदवी लागत नाही; मॅट्रिकचे त्रैराशिक भरपूर झाले. ते विचारले गेले नाहीत, तर कांबळी तेंडुलकरहून मोठा ठरतो यात विशेष बिघडत नाही. आपण हसतो आणि विसरतो. बिघडते ते पहाटेच्या गाडीत किट सांभाळीत उभ्या असलेल्या त्या पोराचे, ज्याला कोणी पाहिलेले नाही, ज्याच्या नावापुढे अठ्ठावीस लिहिले आहे, आणि ज्याच्यासाठी हसायला कोणीही टेबलाशी बसलेले नाही.